मामाजींचा फोन आणि लाखोळीची डाळ

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच दिवशी दोन फॉरवर्ड आले. सकाळचा होता की बाजारातल्या बेसनात लाखोळीची डाळ दळून मिसळतात आणि ती पोटात गेली की माणूस कमरेखाली कायमचा पांगळा होतो, सगळा लाल अक्षरात, ताबडतोब दहा जणांना पाठवा वगैरे. संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी टाकला त्यात बरोब्बर उलटं, की लाखोळी म्हणजे गरिबाचं प्रोटीन, आपले आजे-पणजे खात आले, कोणालाही काही झालेलं नाही, बंदी म्हणजे नुसतं कारस्थान. आणि रात्री जेवणं झाल्यावर साकोलीकडून मामाजींचा फोन. "पोरी, तू त याच विषयात शिकलीस ना, मले एका शब्दात सांग, लाखोरी खायाची का नाही खायाची?"

एका शब्दात मला सांगता आलं नाही. म्हटलं मामाजी दोन दिवस द्या, लिहून पाठवते. लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, आणि मग वाटलं की हे फक्त मामाजींना कशाला, इथेच टाकते, कारण हाच प्रश्न लोक मला दर महिन्याला वेगवेगळ्या वस्तूचं नाव घालून विचारतात. अमुक तेल खायचं का, तमुक गावाचं पाणी प्यायचं का. आणि प्रत्येकाला हो किंवा नाही एवढंच हवं असतं.

ज्यांना लाखोळी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया आणि खाली चंद्रपूर-गडचिरोलीचा धानाचा भाग, तिथे ऑक्टोबरात धान बांधीत उभं असतानाच त्यात लाखोळीचं बी नुसतं फेकून देतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून झालं की उरलेल्या ओलीवर ती आपली आपण वाढते, निळी निळी बारकी फुलं येतात, कवळा पाला खुडून भाजी करतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत दाणे घरात. याला उतेरा म्हणतात. कोणी लाखोळी म्हणतं, कोणी लाखोरी, कोणी नुसतं लाख, हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवरा. दाणा बघितला तर कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूने तिरका चपटा, करड्या रंगाचा. पण भरडून डाळ केली की पिवळी होते आणि मग तुरीच्या नाहीतर हरभऱ्याच्या डाळीत मिसळली तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

माझी आजी या डाळीचे वडे करायची. रात्री डाळ भिजत घालायची, सकाळी ते पाणी अंगणाच्या कडेला ओतून द्यायची, परत दोनदा धुवायची, मग पाट्यावर वाटायला घ्यायची. मी लहान असताना एकदा विचारलं होतं की आजी पाणी कायले फेकतेस, तर म्हणाली, "पयलं पाणी घेत नसते माय, त्याच्यातलं वाईट निंगून जाते." तिला हे तिच्या सासूने सांगितलेलं, सासूला कोणी सांगितलं माहीत नाही. पुढे कॉलेजात पुस्तकात वाचलं की लाखोळीतलं विष पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात दोन तास भिजवून पाणी पूर्ण काढून टाकलं आणि परत धुतलं तर त्यातला बराच भाग निघून जातो, तेव्हा मला आजीचा तो पाणी ओतणारा हात आठवला आणि त्या दिवशी मी हॉस्टेलवरून तिला फोन केला होता.

माझा विषय कम्युनिटी मेडिसिन. जुने लोक पीएसएम म्हणतात, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. त्यातला कणा म्हणजे एपिडेमिऑलॉजी, मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात पण त्या नावाने फार गैरसमज होतो, लोकांना वाटतं हे फक्त कॉलरा-डेंग्यू-कोविडचं काम. खरं तर कोण आजारी पडलं, कोण नाही पडलं, कुठे, कधी, आणि दोघांच्या खाण्यापिण्यात, राहण्यात, कामात काय फरक होता, हे मोजून बघणं म्हणजे एपिडेमिऑलॉजी. यातलं "कोण नाही पडलं" हे लोक विसरतात.

लाखोळीने होणारा आजार, ज्याला लॅथिरिझम म्हणतात, तो मी पहिल्यांदा बघितला तो नागपूरला शिकत असताना. मध्य प्रदेशातल्या रीवाकडचा म्हातारा मजूर, मुलगा नागपुरात बांधकामावर होता म्हणून त्याच्याकडे आलेला. आला होता मोतीबिंदू दाखवायला, पायाची तक्रार त्याने केलीच नाही. आमच्या सरांनी त्याला दारातून येताना बघितलं आणि आम्हा पोरांना म्हणाले, थांबा, याची चाल बघा. दोन हातात दोन काठ्या, गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला टेकतच नाहीत, चवड्यावर चालतोय, आणि प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्याच्या समोर आडवा येतोय, कात्रीच्या पात्यांसारखा. पाय लुळे नव्हते, लाकडासारखे ताठ होते. हाताला काही नाही, बोलणं स्वच्छ, टाचणी टोचली तर बरोबर कळत होती. सरांनी विचारलं, बाबा जवानीत काय खायचात. तो म्हणाला, "साहब, मालिक मजूरी में वही देता था, तिवरा। उसी की रोटी, उसी की दाल।" आणि हे तो सांगत होता अगदी सहज, जसं आपण सांगू की आमच्याकडे तेव्हा नळ नव्हता. पाय कधी गेले विचारलं तर म्हणाला एका सकाळी शेतावर जाताना पिंडऱ्या आखडल्या, नंतर सुटल्याच नाहीत. वय तेव्हा विशीतलं.

पुस्तकात या आजाराच्या पायऱ्या आहेत, बिनकाठीची, एका काठीची, दोन काठ्यांची, आणि शेवटची म्हणजे हातावर रेटत सरपटायची. परीक्षेसाठी पाठ केलेल्या. त्या दिवसानंतर मला त्या पाठ कराव्या लागल्या नाहीत.

पण इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा एक माणूस बघून मला काय कळलं? एवढंच की असा आजार असतो. तो लाखोळीनेच होतो हे एका माणसावरून कळत नाही. पाय गेलेले लोक त्या काळी गावोगाव होते, पोलिओचे होते (त्यात पाय बारीक आणि ढिला पडतो), आपल्या चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं आणि सांधे आखडलेले होते, क्षयाने पाठीचा मणका गेलेले होते. म्हणून मोजायला निघण्याआधी ठरवावं लागतं की कोणाला धरायचं आणि कोणाला नाही. ताठ पाय, दोन्हीकडे सारखे, स्पर्श शाबूत, हात शाबूत, असं. हे नीट ठरवलं नाही तर पुढचं सगळं मोजमाप मातीत जातं, आणि गंमत म्हणजे वर्तमानपत्रातल्या बातमीत या भागाबद्दल एक ओळही नसते.

आता १८३० च्या दशकात या. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन आपल्याला ठगांमुळे माहीत आहे, पण त्याने मध्य प्रदेशातल्या सागर भागातल्या गावांची एक हकीकत लिहून ठेवलीय ती मला त्याच्या सगळ्या ठगांपेक्षा मोलाची वाटते. १८२९ ला गारपिटीने गहू गेला. १८३० ला पाऊस वेळेवर पडला नाही. १८३१ ला उभ्या गव्हावर रोग पडला. तीन वर्षं लागोपाठ. पण गव्हात आपोआप उगवणारा तिवरा, जो एरवी गुरांना घालायचे, तो मात्र जोमात आला, मग लोकांनी तोच काढला आणि तोच खाऊन राहिले. १८३३ ला पाय जायला लागले. तिशीच्या आतली तरणी पोरंपोरी, अचानक, कमरेखाली. तो लिहितो की एका गावातली निम्मी तरणी माणसं १८३३-३४ मध्ये पांगळी झाली, आजूबाजूच्या ज्या गावांत तिवरा हेच मुख्य अन्न होतं तिथेही तसंच झालं. आणि पुढे एक वाक्य आहे, की १८३४ नंतर नवीन एकही केस नाही, पण ज्याला झालं तो कोणी बराही झाला नाही.

हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचून दाखवते. त्या माणसाकडे ना लॅब होती, ना कसला सिद्धांत, पण त्याने वय नोंदवलं, वर्ष नोंदवलं, आधी काय खाल्लं आणि नंतर काय झालं याचा क्रम नोंदवला, शेजारची गावं बघितली, आणि नवीन केस आणि जुनी केस वेगळी मोजली. शेवटची गोष्ट तर आज टीव्हीवर बोलणाऱ्या तज्ज्ञांनाही जमत नाही. लॅथिरिझमने माणूस मरत नाही, तो पुढे चाळीस-पन्नास वर्षं काठ्या घेऊन जगतो, म्हणून एखाद्या गावात आज दहा पांगळे दिसले तर त्याचा अर्थ असा नाही की आज तिथे लाखोळीचा धोका आहे, कदाचित ते सगळे एकाच वाईट वर्षात झालेले असतील. आत्ताचा धोका बघायचा तर विचारायला लागतं की गेल्या वर्षभरात नवीन कोण झालं.

बरं, विष आहे का, तर आहे. यात वादच नाही. १९६४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून ते वेगळं काढून दाखवलं, त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात, मज्जापेशींवर काम करतं. पण ते विष वेगळं काढल्यावरही मोठ्या वयाच्या प्राण्यांना देऊन माणसासारखाच तो पायांचा ताठरपणा आणणं प्रयोगशाळेत फार अवघड गेलं. म्हणजे नुसत्या लॅबवर विसंबून राहिलो असतो तर किती खाल्लं तर चालतं आणि किती खाल्लं तर पाय जातात हे सांगता आलं नसतं. ते माणसांकडूनच कळलं, आणि त्यातला सगळ्यात स्पष्ट पुरावा कसा आला ते लिहिताना हात जड होतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या शेवटाला, आज युक्रेनमध्ये असलेल्या वापन्यार्का नावाच्या ठिकाणी रुमानियाच्या सरकारने ज्यू कैदी एका छावणीत ठेवले होते. हजारावर माणसं. त्यांना रोज साधारण ४०० ग्रॅम लाखोळी, जी तिकडे घोड्या-गुरांचा चारा होती, आणि थोडासा पाव, बस एवढंच. दोन-तीन महिन्यांत माणसं पडायला लागली, पिंडऱ्यात गोळे, मग पाय ताठ, मग काठ्या. कैद्यांमध्येच आर्थर केसलर नावाचा एक डॉक्टर होता. स्वतः तेच खात होता. त्याने ओळखलं की हे या लाखोळीने होतंय, आणि कैद्यांनी ते खायला नकार दिला. केसलर वाचला, नंतर इस्रायलमध्ये त्याने त्या छावणीतून वाचलेल्यांना वर्षानुवर्षं तपासलं, त्यांचे पाय परत आले नाहीत. सगळ्यांना तेच अन्न, रोजचं माप माहीत, सुरू झाल्याची तारीख माहीत. असा प्रयोग कोणीही माणूस माणसावर करणार नाही, करू नये, आणि तिथे तो द्वेषापायी झाला. आपल्याकडे किती आणि किती दिवस याची जी समज आहे त्यात त्या माणसांचे पाय आहेत.

आपल्याकडच्या पाहण्या आणि ही छावणी असं सगळं मिळून जे पुस्तकात आलं ते असं, की जेवणातला साधारण तीस टक्क्यांहून जास्त भाग ही डाळ असेल आणि तसं दोन ते सहा महिने चाललं तर पाय जाण्याचा धोका. म्हणजे महिन्यातून दोनदा वडे, आठवड्यातून एकदा वरण, हे त्या मापाच्या आसपासही जात नाही. आणि सोबत काय खाल्लं तेही महत्त्वाचं. इथिओपियात १९९० च्या दशकात दुष्काळानंतर मोठी साथ आली तेव्हा तिथल्या संशोधकांनी घरोघर जाऊन, झालेले आणि न झालेले, दोघांचं खाणं विचारलं. ज्या घरात लाखोळी धान्यात मिसळून खाल्ली जात होती तिथे धोका कमी निघाला, कारण कडधान्यात सल्फरवाली अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, कमी असतात ती तांदूळ-गहू-बाजरीतून मिळतात आणि शरीराला त्या विषाशी झुंजायला त्यांचा आधार होतो असं मानतात. आमच्याकडे लाखोळी नेहमी भातासोबत. मजुरीसुद्धा धानात. आणि रीवाच्या त्या बाबाला मजुरीच लाखोळीत, रोटीही तिचीच आणि डाळही तिचीच.

इथे मला थांबून नीट सांगायचंय कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. दाणा तोच, विष तेच. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या ताटात ते तोंडी लावण्याइतकं आणि रीवाच्या वेठबिगाराच्या ताटात पूर्ण ताटभर. दाण्यात विष किती हे लॅब सांगेल, पण कोणाच्या ताटात किती पडतं, कुठल्या महिन्यात, सोबत काय, आणि त्याला दुसरं काही मिळू शकतं का, हे ताटापाशी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. आणि वाईट वर्षात तर सगळंच एकत्र येतं. पाऊस गेला की गहू जातो, हरभरा जातो, ही मात्र टिकते. म्हणजे दुसरं काही नाही त्याच वर्षी ताटात हीच वाढते. वर पाण्याचा ताण पडला की दाण्यातलं ओडॅपही वाढतं. आभाळात सुरू झालेली गोष्ट अशी पायात उतरते, आणि पायसुद्धा सगळ्यांचे नाही, ज्याच्या कोठीत मागच्या वर्षीचं धान शिल्लक आहे त्याचे नाही.

मग बंदीचं काय. १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत विक्रीवर बंदी आली. पण मध्य प्रदेश-छत्तीसगडात, बिहारात, बंगालात पेरणी चालूच राहिली, आमच्याकडेही बांधीत निळी फुलं दर वर्षी दिसायचीच. तरी पुढच्या काही दशकांत नवीन केसेस खूप कमी झाल्या. आता हे बंदीमुळे झालं का? बंदीच्या बाजूचे हो म्हणतात. पण त्याच काळात कालवे आले, रेशनचा गहू-तांदूळ आला, १९७६ ला वेठबिगारी बंद करणारा कायदा आला, मजुरी पैशात मिळायला लागली. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचं हा आमच्या विषयातला सगळ्यात कठीण प्रश्न, आणि यात मला तरी वाटतं की जो माणूस मजुरीत लाखोळी घ्यायला बांधलेला होता तो सुटला हे बंदीपेक्षा जास्त कामाचं ठरलं. कारण बंदी असूनही पीक होतं, पण ताटातली जागा कमी झाली. अर्थात हे माझं मत.

२०१६ च्या सुरुवातीला बातमी आली की आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी ओडॅपच्या वाणांना मोकळीक द्यावी असं सुचवलंय. या वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली असतं, जुन्या गावठी बियाण्यात त्याच्या काही पट. चांगली गोष्ट आहे. पण शेतकरी घरचंच बी ठेवतो, लाखोळीत परागीभवन इकडचं तिकडे होतं, शेजारच्या बांधीत गावठी असेल तर चार-पाच वर्षांत आपल्या महातिवऱ्यात काय मिसळलं हे पोतं बघून सांगता येत नाही. म्हणून वाण आणलं आणि काम संपलं असं नाही होत, मोजत राहावं लागतं, दाणेही आणि माणसंही.

आता संध्याकाळचा फॉरवर्ड, "आपले पूर्वज खात आले, कोणाला काही झालं नाही." याबद्दल मी जरा हळवी आहे कारण माझी आजीही हेच म्हणायची. "कायले बंद केली म्हणते ते? आमी तं खातच आलो." तिचं खरं होतं. तिच्या घरात कोणाला झालं नव्हतं. पण तिच्या घरात वर्षभराचं धान असायचं. ज्याला झालं असतं तो तिच्या ओट्यावर बसायला येणारा माणूस नव्हता, तो गावाबाहेरच्या टोलीवरचा, आणि त्याचे पाय गेले तर तो कामाला यायचा बंद झाला एवढंच गावाला कळलं असतं. आपल्या आठवणीत आपल्यासारखेच लोक असतात. म्हणून यादी करून प्रत्येक घरी जायचं असतं, आवडलेल्या घरी नाही, रस्त्यालगतच्या घरी नाही, यादीत नंबर आला त्या घरी.

आणि घरी गेल्यावरसुद्धा सोपं नसतं. इंटर्नशिपला आम्हाला आहाराचा सर्व्हे दिला होता, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं आणि किती वाट्या, असा. सोबत आशाताई आणि माझ्या पिशवीत मापाच्या तीन वाट्या. एका घरी बाईने सांगितलं भात, वरण, भाजी. मी वाटी दाखवली, वरण किती, ती म्हणाली एक मोठी. मी लिहून घेतलं. तेवढ्यात तिची सहा-सात वर्षांची पोरगी चुलीजवळून म्हणाली, "आई, काल वरन कुठं होतं?" बाईने मान खाली घातली. चटणी-भात होता. पाहुण्या बाईसमोर ते सांगायची तिला लाज वाटली. मी कागदावर खोडलं आणि नवीन लिहिलं, पण त्याआधीच्या घरांत अशी बोलकी पोरगी नव्हती, त्या कागदांवर काय काय खोटं वरण लिहिलं गेलं असेल कोण जाणे. आणि तो महिना जानेवारी होता. धान नुकतं घरात आलेलं. ऑगस्टमध्ये, रोवणी झालेली आणि कोठी रिकामी, तेव्हा विचारलं असतं तर अख्खा कागद वेगळा निघाला असता. खाण्यातला धोका मोजायचा म्हणजे हे सगळं. रक्ताची नळी भरून पाठवण्याइतकं ते सरळ नाही. म्हणून कोणी "अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार जास्त" असं म्हणालं की मी पहिलं विचारते, खाणं विचारलं कसं, कोणी, कुठल्या महिन्यात.

दुसरं विचारते ते जास्त म्हणजे कितीपासून किती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, सॉसेज-बेकन वगैरे प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं तेव्हा मला कितीतरी लोकांनी विचारलं की मग दोन्ही सारखंच का. तो गट एवढंच सांगतो की कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे. होण्याचं प्रमाण किती ते वेगळं, तिथे रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याचा कॅन्सर साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज होता. शंभरातल्या पाच जणांना होणार असेल तर त्याचे सहाच्या जवळपास. तंबाखूने फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. विष असणं, विषबाधा होणं, आणि किती जणांना होणं, या तीन गोष्टी आपण एकाच श्वासात बोलतो.

सकाळच्या फॉरवर्डबद्दल मामाजींना लिहिलं ते असं. बेसनात लाखोळी मिसळणं ही फसवणूक आहे, बेकायदा आहे, तक्रार करायलाच हवी. पण दोन भजी खाऊन कोणाचे पाय जात नाहीत. भीती घालायची तर खऱ्या जागी घालावी, म्हणजे जिथे एखादं घर स्वस्त मिळते म्हणून तीच तीच डाळ दोन्ही वेळा, तिच्याच पिठाची भाकर, आणि सोबत भात-पोळी जवळजवळ नाहीच, असं महिनोन् महिने चाललंय. तिथे मात्र घाबरायलाच पाहिजे, आणि पिंडऱ्यात गोळे येणं, चालताना पाय जड होणं असं काही कोणी सांगितलं तर त्या दिवसापासून ती डाळ बंद आणि सरळ दवाखान्यात, कारण वेळेत थांबवलं तर पुढची पायरी टळते, झालेलं मात्र परतत नाही.

एवढं सगळं काल रात्री मामाजींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या घरी चालते." मी विचारलं घरात वर्षाला किती ठेवता, किती जण खाता. त्यांनी मामींना हाक मारली, दोघांनी मिळून हिशोब केला, एवढ्या पायल्या ठेवतो, त्यातली अर्धी त सुनेच्या माहेरी जाते, वडे सणावाराला, भाजी दोन महिने, वरण क्वचित कारण पोरांना तुरीचंच आवडते. म्हटलं हो मामाजी, तुमच्या घरी चालते, पयलं पाणी फेकत जा आजीसारखं.

"अन् बाकीची इकता कोणाले?" मी विचारलं.

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इकडचे तिकडचे नेतात. टोलीवरचे जास्त. औंदा तुरीची डाळ लय महाग झाली म्हणून आपल्याकडून लाखोरीच नेली त्यायनं."

"ते किती खातात रोज?"

"ते मले काय मालूम पोरी. इचारा लागन."

मी म्हटलं इचारा मामाजी. आणि घरी जाऊनच विचारा, अन् काल काय खाल्लं ते विचारा.